खुंटाला नाव नसतं

१

आमच्या नर्सरीत सगळ्यात जास्त खपतात ती लाल डोक्याची कॅक्टस. खाली हिरवा तिधारी दांडा आणि वर लिंबाएवढा लाल नाहीतर पिवळाधमक गोळा. लोकांना ते फूल वाटतं. फूल नाही हो, तेही एक वेगळं कॅक्टसच आहे, असं मी दिवसभर घसा कोरडा होईपर्यंत सांगत असते.

"मग दांडा कापून नुसता गोळा लावला कुंडीत, तर?" गिऱ्हाइकाला नेमकी हीच हुशारी सुचते.

"तर मरेल."

"मुळं नाही फुटणार?"

"फुटली तरी खाणार काय? त्याच्या अंगात हिरवं नाहीच. असली रोपं बियांतून उगवतात, चार दिवस छान पिवळी दिसतात आणि मान टाकतात. त्याआधी त्यांना दुसऱ्याच्या डोक्यावर बसवायचं. खालचा कमावतो, वरचं खातं."

हे बसवण्याचं काम आई करते. कलम करताना ती कोणाला जवळ उभं राहू देत नाही. स्पिरिटने सुरी पुसायची, खालच्या दांड्याचा शेंडा उडवायचा. कापलेल्या जागी मधोमध एक फिकट कडं दिसतं, पाणी वर चढतं ते त्यातूनच. वरच्या रोपाचं कडं त्या कड्यावर टेकवायचं. केसभर इकडे, केसभर तिकडे, जीभ दातांत धरून. मग कुंडीच्या तळातून दोन रबरं आडवी-उभी ताणून घट्ट बसवायची आणि सावलीत ठेवायचं. दोन्ही एकजीव झाली की रबरं काढायची.

खालच्याला म्हणतात खुंट. पाटीवर नाव लिहितात ते वरच्याचं, खुंटाला नाव नसतं. बिचाऱ्याला कधी बाजूने एखादा फुटवा आलाच, तर आई तो नखाने खुडून टाकते. "ताकद वर जाऊ दे," म्हणते.

मला या खुंटांचा फार कळवळा. का नसावा? आमच्या घरातला खुंट मीच होते. निदान मी तसं धरून चालले होते.

२

आम्ही दोघी बहिणी. धाकटी जन्माची किरकोळ. बसली की उठवत नाही, उठली की चालवत नाही. डॉक्टर झाले, टॉनिकं झाली, हवापालट झाला. अंगावर मूठभर मांस चढेल तर शपथ. आणि मी ही अशी, दाराच्या चौकटीत मावते हेच नशीब. मातीची पोती मी उचलायची, टेम्पोवाल्याशी मी भांडायचं, बँक माझी, बाजार माझा. धाकटीने काय करायचं? तर खिडकीत बसायचं. एकदा तिने शिवणाच्या क्लासला जाते म्हटलं, तर आईने लगेच मोडता घातला, "तिला झेपत नाही." मी मनात म्हटलं, वा, काय ते लाड! मला झेपतं की नाही, हे या घरात आजवर कोणी विचारलंय का?

घरात मला पिवळी म्हणतात. जन्मल्यापासून पहिली दोन वर्षं कावीळ हटत नव्हती म्हणे. आता ऐंशी किलोची बाई, तरी पिवळीच.

दुपारी आम्ही नर्सरी बंद ठेवतो. जेवण झालं की मागच्या खोलीत आडवं व्हायचं, मी आणि धाकटी एकाच पलंगावर, शेजारी शेजारी. लहानपणापासूनचा नेम. मी कितीदा म्हटलं, अगं आई, बाहेर पंख्याखाली पडते, या पलंगावर हलायला जागा नाही. आईचं एकच, "धाकटीजवळ पड गं. बरं वाटतं." पडलं की मला मेल्यासारखी झोप लागते. उठते तेव्हा आई पायथ्याशी बसलेली असते. "बरं वाटतंय ना आता?" असं विचारते. धाकटी कधी उत्तर देत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. मला आईची कीव यायची. इतकं करायचं आणि लेकीने साधं हो म्हणू नये.

एके दिवशी उठून तोंड धुताना मला डाव्या दंडावर दोन बारीक लाल रेघा दिसल्या, लशीचा वण आहे ना, त्याच्यावरून गेलेल्या. त्यात नवल काय! आमच्या घरात रबरं ढिगाने. उशीखाली सापडतात, आमटीत सापडतात. त्यातलंच एखादं अंगाखाली आलं असेल.

संध्याकाळी धाकटीला चहा दिला. कप घेताना तिची बाही वर सरकली. तिच्याही दंडावर दोन रेघा होत्या. माझ्या जिथे संपत होत्या, तिथून तिच्या सुरू होत होत्या.

तिचा लशीचा वण उजव्या दंडावर आहे. लस सगळ्यांना डाव्या हाताला देतात. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

धाकटीने बाही खाली ओढली. "तुला माहीत नाही?" असं म्हणून ती माझ्याकडे इतकी बघत राहिली की मीच गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

३

त्याच सुमारास वनखात्याचं बोलावणं आलं. आमच्या शहरापासून लांब एक खडकाळ माळ आहे, तिथे बारकी रानटी कॅक्टस उगवतात. चोर ती उपटून पायमोज्यांत गुंडाळून विकायला नेतात. तसला एक चोर पकडला होता. त्याच्याकडची रोपं माळावरची की कुठल्या नर्सरीतली, हे सांगायला जाणकार माणूस हवा होता. मी गेले. आई नको नको करत होती, पण सरकारी काम म्हटल्यावर तिचं काही चाललं नाही.

माळावर मला वाटलं, आपली फसवणूक झाली. नुसते गोटे. रोप औषधालासुद्धा नाही.

"बाई, पाय उचला," तिथले राखणदार काका ओरडले. "खाली जीव आहे."

मी पोटावर पडून बघितलं. खड्यांच्या मधे एक करडं, चपटं बटण होतं. आमच्याकडे याच जातीचे गोळे मोसंबीएवढे होतात, हिरवेगार, तट्ट फुगलेले. हे माझ्याहून वयाने मोठं असेल, असं काका म्हणाले. उन्हाळा आला की ते आपल्याच मुळांनी स्वतःला खाली ओढून घेतं. वर धूळ बसते आणि कोणाच्या बापाला पत्ता लागत नाही.

"मेलं की जगलं, कसं कळतं?"

"वाट बघायची," काका म्हणाले.

मला रडूच फुटलं. लाज वाटली, पण फुटलं. कोणाच्या डोक्यावर नाही, कोणाला डोक्यावर घेतलेलं नाही. जेवढं मिळेल तेवढ्यात, आपापल्या मुळांवर. मलाही असंच जगायचं होतं. वनखात्याच्या साहेबांना माझं काम आवडलं. इथे कायमची या, राहायला खोली देतो, म्हणाले. मी आनंदाने हो म्हणून बसले.

परतीच्या बसमध्ये मला भोवळ आली. घरी पोचले तेव्हा उभं राहवत नव्हतं. ऊन लागलं असणार, दुसरं काय? आईने माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि तिचा चेहरा उतरला. सकाळची वेळ होती, तरी तिने मला धरून मागच्या खोलीत नेलं. धाकटी खिडकीत उभी होती. उभी! आधाराशिवाय, गुणगुणत.

"ये," आई तिला म्हणाली. धाकटीचं गुणगुणणं थांबलं.

४

नोकरीचं मी घरात सांगितलं आणि आईने अन्नच टाकलं. मी बधले नाही.

मग माझी दाढ दुखायला लागली. त्या दुपारी पलंगावर पडले खरी, पण ठणक इतकी की डोळ्याला डोळा लागेना. तोंड कपाटाच्या आरशाकडे होतं. म्हटलं, आई उगाच काळजी करेल, म्हणून डोळे किलकिले ठेवून पडून राहिले.

आई आत आली. तिच्या चपला दाराबाहेर असूनही ती पाऊल जपून टाकत होती. मग स्पिरिटचा वास आला. ती आमच्या दोघींच्या मधे, पलंगाच्या उशाशी बसली आणि तिने माझी बाही वर केली. मग धाकटीची. माझा दंड तिच्या दंडाला टेकवला आणि आरशात मला आईचं तोंड दिसलं. जीभ दातांत धरलेली होती. केसभर इकडे, केसभर तिकडे.

"आई, आज नको ना गं," धाकटी कुजबुजली. ती जागी होती. ती रोजच जागी असायची की काय?

"झालं, झालं. थोडंच."

रबर ताणल्याचा आवाज झाला. मला उठून बोंब ठोकायची होती. अंग हलेना. आईने हात काढून घेतला आणि आरशात मला आमचे दंड दिसले. दोन माणसं चिकटून झोपली तरी मधे एक रेघ दिसतेच ना? ती रेघ नव्हती. वरची कातडी माझी होती, खालची तिची, आणि मधे कुठे काही संपत नव्हतं.

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आटत आटत कानापर्यंत आलं, एवढं मी पाहिलं. मग माझी दाढ दुखायची थांबली. सगळं अंग गार, गोड झालं आणि मला, सांगायलाही शरम वाटते, मला झोप लागली.

"बरं वाटतंय ना आता?" उठले तेव्हा आई विचारत होती.

५

भांडण असं झालं की समोरचा इस्त्रीवाला काम सोडून बाहेर येऊन उभा राहिला.

"मला खुंट केलंस!" मी ओरडले. "पोटच्या पोरीला! हिला जगवायला माझं रक्त पाजलंस इतकी वर्षं? सांग ना, आता का दातखिळी बसली?"

दुसरी कोणी आई असती तर मला वेड लागलं म्हणाली असती. आईने तसं काही म्हटलं नाही. ती नुसती मान हलवत होती. "जाऊ नकोस, पिवळे. झेपणार नाही."

"कोणाला? तिलाच ना? तिचंच बघत आलीस तू!"

आईने तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटी दारात आली. आईने तिच्याकडे बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बॅग उचलून मी फाटकापर्यंत आले. धाकटी मागोमाग आली, भिंतीला धरत धरत. माझा राग तिच्यावर नव्हता. तिचं तरी काय चुकलं होतं? मी तिला जवळ घेतलं. हातात फक्त हाडं लागली.

"तुझं कसं होईल गं?" मी म्हटलं.

"माझी काळजी करू नकोस, ताई. तू लवकर नीघ." तिने माझ्या गळ्यातला स्वतःचा हात काढून घेतला. घाईने काढून घेतला. "आणि एवढ्यात परत येऊ नकोस. काही झालं तरी. शपथ घे ना."

मी शपथ घेतली. काय मोठ्या मनाची पोर, असं म्हणत मी रस्ताभर डोळे पुसत गेले.

६

माळावर मी सुखात होते. हे नीट लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की तिथेच काही वाईट होतं. एक खोली, एक स्टोव्ह, एक खिडकी. सकाळी काकांबरोबर फिरायचं, पोटावर पडून बटणं शोधायची, सापडलं की दोघांनी लहान पोरांसारखं हसायचं. काकांचे विनोद भिकार होते. तरी हसायचे मी.

मग माझे कपडे ढगळ झाले. चला, बरं झालं, म्हटलं. मग चढ चढवेना. जेवण जायचं, अगदी पोटभर जायचं, पण अंगी लागत नव्हतं. आरशात डोळे पिवळे दिसायला लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ नाही. दुसरंही काही नाही. "हवा मानवत नसेल," म्हणाले. दंडावरचा वण आधी ओला झाला, मग सुकला आणि आत ओढला गेला. त्या खळग्यात आता बोटाचं टोक बसतं.

मी स्वतःला समजावत होते. नवी जागा, नवं पाणी, वय. मनाचे खेळ! दुपारी आडवी झाले की नकळत माझा डावा हात बाजूला सरकायचा, भिंतीला टेकायचा आणि तिथेच चाचपडत राहायचा.

धाकटीचा फोन यायचा. आवाजच ओळखू येईना, इतका भरलेला. "ताई, मी क्लासला जाते! ताई, मी सायकल शिकले!" तिने फोटो पाठवला. निळ्या सायकलवर बसलेली, गाल वर आलेले, दंड भरलेले. खुंटावरून खाली आलेलं रोप असं दिसतं का? मी फोटो कितीतरी वेळ बघत बसले.

"उजव्या दंडावर ते काय गं? पुळी?"

"गाठ आलीये, वणाच्या जागी. हिरवट दिसते ना? दुखत नाही पण. उलट छान वाटतं, काहीतरी येणार असल्यासारखं." ती हसली. "आई सारखी बघते तिच्याकडे. मी हात लावू देत नाही."

दुसऱ्या दिवशी चोराकडून जप्त केलेली रोपं माळावर परत लावायची होती. काकांनी दोन ढीग केले. करडी चपटी एकीकडे, हिरवी टपोरी दुसरीकडे.

"ही टपोरी नाही लावायची?" मी विचारलं. खरं तर मला ठाऊक होतं. रोज गिऱ्हाइकांना मीच तर सांगत होते.

"तजेला बघून फसू नका, बाई," काका म्हणाले. "ही दुसऱ्याच्या अंगावर वाढलेली. फुगलेली असतात नुसती. यांना इथे काय मिळणार?"

मी त्यांतलं एक हातात घेतलं. खालून कापलेलं होतं. मधोमध फिकट कडं होतं, सुकून आत ओढलेलं.

दोघींतली जाड कोण होती? आजारी कधीच न पडलेली कोण? पाटीवर नाव कोणाचं होतं? नर्सरीच्या, बँकेच्या, सगळ्याच पाट्यांवर? "बरं वाटतंय ना आता," हे आई इतकी वर्षं विचारत होती ते मला. मला! आणि क्लास मोडला, खिडकीत बसवलं, ते लाड नव्हते. आई फुटवे खुडत होती.

"बाई, बसा, बसा खाली," काका म्हणत होते. मी बसलेलीच होते.

७

आज दुपारी आईचा फोन आला. मी उचलला, पण बोलायला आवाज निघेना. तिला तेवढ्यावरूनच कळलं.

"पिवळी झालीस ना?" ती म्हणाली.

"आई, हे काय केलंस गं तू?"

"डॉक्टरांनी हात टेकले होते. तू माझ्या मांडीवर मान टाकली होतीस. आणि पाळण्यात ही ठणठणीत, रडली की गल्ली दणाणायची." ती थांबली. "मला दुसरं काय येत होतं?"

मी फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत होते. माळ करडा, कोरडा होता. त्यात कुठेतरी ती बटणं दडलेली होती. मला वाटलं होतं, मीही दडून राहीन, पाऊस येईपर्यंत वाट बघीन. पण आतून ओढून धरायला मूळ लागतं. मला ते कधी नव्हतंच.

"मी सुरी उकळून ठेवलीये," आई हळू आवाजात म्हणाली. "तिच्या दंडावरचं ते आज झोपेत काढते. चहातून गोळी दिली की तिला कळायचं नाही. तू उद्याच्या बसने ये. आधी तिला काही बोलू नकोस."

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, तोंडापर्यंत आलं होतं. निळी सायकल डोळ्यांसमोर होती. मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. आईने फोन ठेवला.

मी पलंगाखालून बॅग काढली. ती उचलायलाही दोनदा बसावं लागलं. साड्या भरत होते, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, आज आईने आपणहून चहा करून दिला मला! अगदी दुधाचा. आणि ऐक ना, ती गाठ आहे ना, तिला आज टोक आलंय. बारीक, नखाएवढं. तुला फोटो पाठवते." मग तिचा आवाज खाली आला. "तू येत नाहीयेस ना? तू शपथ घेतलीयेस, ताई."

चहा पिऊ नकोस. तीनच शब्द होते. ते बोलून टाकले असते तर मी इथेच सुकून गेले असते आणि ती जगली असती. माझा डावा हात भिंतीवर चाचपडत होता.

"नाही गं," मी म्हटलं. "मी कशाला येतेय? तू चहा पी, गार होईल."

फोन खांद्याने कानाशी धरून मी बॅगेची चेन लावली.